तुझी अखंड दहा वर्षं

प्रिय शेखर,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. फार खूश होऊ नकोस.

आज इमिग्रेशनच्या खिडकीवरच्या बाईंनी मला एक पत्र लिहून आणायला सांगितलं. रियूशो, म्हणजे कारण सांगणारं पत्र. त्यांना दोन कारणं हवी आहेत. नवरा वारल्याचं चौदा दिवसांत का कळवलं नाही, आणि एवढ्या वर्षांत मी इतके महिने जपानबाहेर का होते. जपानीतलं ते पत्र नम्र असावं लागतं. ते उद्या लिहीन. आज हे लिहिते, कारण इथे नम्र असायची काही गरज नाही.

पहिलं कारण सोपं आहे. तुझ्या अस्थी घेऊन मी पुण्याला गेले. दहावा, बारावा, तेरावा. तेराव्याला पानं वाढताना कुणाच्या डोक्यात येणार होतं की चौदावा दिवस इथल्या सरकारचा असतो? तुझ्या आलं असतं! तूच तर सगळ्यांना सांगायचास.

आणि किती जणांना! रविवार उजाडला की निशी-कसाईच्या भारतीय वस्तीतून कुणी ना कुणी कागद घेऊन उरायासूला आपल्याकडे हजर. पोह्यांची बशी हातात धरून तुझा क्लास सुरू. "पीआरला, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याला, सलग दहा वर्षं लागतात. मध्ये लांब मुक्काम केलात की सलगपणा तुटला." "कार्ड मिळालं म्हणून निर्धास्त राहू नका. एअरपोर्टच्या फॉर्मवर 'परत येणार' या चौकोनात टिक करा, नाहीतर पीआर तिथेच गेला. आणि टिक केलीत तरी वर्षाच्या आत परत या." पोहे मी करायचे, म्हणून मलाही सगळं पाठ झालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण!

दुसरं कारण मात्र लांबलचक आहे.

२०११च्या भूकंपानंतर आपल्या रस्त्यातून चिखल वर आला होता, नळ कोरडे होते, ईरा नऊ महिन्यांची होती. तू आम्हा दोघींना पुण्याला पाठवलंस. ते बरोबरच होतं, त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. पण त्यानंतर पुण्याला कुणी जायचं, हे जणू ठरूनच गेलं. तुझ्या आईंना अर्धांगवायू झाला, मी पाच महिने. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, मी चार महिने. करोनात अडकले ते तर विचारूच नकोस. तुझं प्रोजेक्ट अर्धवट, अविनाश भाऊजींना सुट्टी नाही, जाऊबाईंची बँक. मी रिकामीच! माझं काय, पाळणाघरातलं पार्ट-टाइम.

आईंबद्दल माझी तक्रार नाही. शेवटी शेवटी त्या माझा हात सोडत नव्हत्या. तक्रार तुझ्याबद्दल आहे. तुझी दहा वर्षं अखंड राहिली, कारण माझी तुटत राहिली. हे तुला एकदाही दिसलं नाही?

तुझं कार्ड आलं, पाठोपाठ ईराचं आलं. तू श्रीखंड घेऊन आलास. मी विचारलं, "आणि माझं?"

"करू गं. आता मी पीआर आहे म्हटल्यावर तुला दहा वर्षांची अटच नाही. सलग एक वर्ष इथे राहिलीस की झालं."

"मग करू या की."

"अगं, पण मग वर्षभर तुला पुण्यात राहता येणार नाही. आईचं कोण बघणार?"

मी गप्प बसले. का बसले? हा राग खरं तर माझ्यावरचा आहे, पण आजच्यापुरता तोही तूच घे.

आई गेल्या. मी पुन्हा विचारलं. तू म्हणालास, "मार्च होऊ दे." दोन मार्च होऊन गेले. मग एका सकाळी तू तोझाई लाइनच्या फलाटावर बसलास तो उठलाच नाहीस.

गेल्या आठवड्यात तुझ्या ड्रॉवरमध्ये निळी फाइल सापडली. माझा अर्ज! तुझ्या अक्षरात पूर्ण भरलेला, माझा फोटो लावलेला. मी सही करायची तिथे नेहमीसारखी तुझी पेन्सिलीची फुली. माझ्या सहीखेरीज राहिली होती ती फक्त हमीदाराची सही. हमीदार म्हणजे तू. शेखर, तू ईराच्या शाळेच्या चिठ्ठ्यांवर सह्या केल्यास, कचऱ्याच्या पाळीच्या कागदावर केलीस, आणि यावर नाही? कंटाळा आला? विसरलास? की वाटलं, ही कुठे जाणार आहे?

आता मी पीआरवाल्याची बायको राहिले नाही. ती एका वर्षाची सवलत तुझ्याबरोबर गेली. आधी नवा व्हिसा मिळायला हवा, मग पुन्हा पहिल्यापासून मोजणी. नाही मिळाला तर चौदा वर्षांची पोर इथली कायमची, आणि तिची आई पाहुणी! याचा विचार केलास कधी?

नव्या अर्जाला हमीदार लागतो. पाळणाघराच्या मुख्य सातो-सान यांना विचारताना माझी जीभ अडखळत होती. त्यांनी दोन्ही पानं वाचली आणि उभ्या उभ्या सही केली. इतकंच असतं रे ते काम.

ईरा काल जपानीत म्हणाली, बाबांवर रागावलीस तरी चालेल. मग थांबून मराठीत म्हणाली, "मी पण रागावलेय." एरवी मराठी बोल म्हणून मी तिच्या किती मागे लागते! काल आम्ही दोघी खूप रडलो. तुझी आठवण येते, हेही खरंच आहे. रागाने ते खोटं ठरत नाही.

आता एक वचन देते. भाऊजींचा आत्तापासूनच फोन आला आहे, "वहिनी, वर्षश्राद्धाला पंधरा दिवस तरी या." पंधरा दिवसांनी काही तुटत नाही, हे मला माहीत आहे. तरीही मी जाणार नाही. भाऊजी करतील, आता काढतील सुट्टी. इथून पुढची दहा वर्षं माझी आहेत, आणि त्यातला एकही दिवस मी तुझ्यासाठी जपानबाहेर घालवणार नाही. तुझ्यासाठी रडायचं ते मी इथेच रडेन.

तुझ्यावर चिडलेली,
मेधा