वॉर्डात इंग्रजीच

सोमवार, १४ जुलै २००३

१. बायडाबाई, सुरगाणा तालुका. शनिवारी गर्भपिशवीचं ऑपरेशन. काल सकाळी लघवीची नळी काढली.
२. ड्यूटीवर विद्यार्थिनी चांगुणा, नर्सिंगचं तिसरं, शेवटचं वर्ष. नियमाप्रमाणे इंग्रजीत विचारलं, काही त्रास होतोय का. बाईंनी मान हलवली. ‘तक्रार नाही’ अशी नोंद.
३. दुपारी पुन्हा तेच.
४. संध्याकाळी बाई कळवळल्या. दिवसभर लघवी झालीच नव्हती. लघवी तुंबून टाके उसवले. पुन्हा थिएटर.
५. बाई बऱ्या आहेत. चांगुणा निलंबित.

प्राचार्यांना एवढंच कळवलं.

मंगळवार, १५ जुलै

चांगुणाही सुरगाण्याचीच — दोघींची बोली एक! पण शेवटच्या वर्षाच्या मुलींनी वॉर्डात फक्त इंग्रजी बोलायचं, हा प्राचार्यांचा नियम. मुली परदेशी नोकरीला जाणार म्हणून. तो पाळला जातो की नाही हे बघणं शिक्षिका म्हणून माझं काम.

बायडाबाईंना भेटले. म्हणाल्या, “मला वाटला, ही बाई दुसऱ्या मुलखाची. लघवीचा तिला कसा सांगू?”

गुरुवार, १७ जुलै

नर्सिंग शिक्षिकांचं चर्चासत्र, ‘उद्याची परिचारिका’. पाहुणे म्हणाले, पुढे नर्स एका जागी बसून पडद्यावर दहा पेशंट बघेल. मनमाडच्या सुलाबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, “बघू दे बाई. बेडपॅन कोण देणार ते विचार.” आमची रांग हसली. मी हसले नाही. यंत्रं येणारच, आणि मला ती आवडतात.

आमच्या लॅबमध्ये मुलींच्या सरावासाठी परदेशी पुतळा आहे. नाडी लागते, छाती हलते, बटण दाबलं की बोलतो. मुली त्याला वहिनी म्हणतात. त्यांच्यातली शुभांगी मागे म्हणाली होती, वहिनीला सासर नाही, म्हणून दुखतं ते लगेच सांगते. तेव्हा मी तिला गप्प केलं. आज चहाच्या वेळी ते आठवलं. वहिनीची सगळी उत्तरं इंग्रजीत, आणि सगळी खरी. माणूस लाजतो, हे तिच्याकडून कुणी शिकणार नाही.

खूप दमले.

शनिवार, १९ जुलै

काही नाही. झोपले.

सोमवार, २१ जुलै

प्राचार्यांनी बोलावलं. ‘विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा’ असा शेरा तयार होता, खाली सही माझी हवी. सही झाली की चांगुणा परीक्षेला मुकणार. तिने नियम मोडला नव्हता, पाळला होता, असं मी म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. “लंडनला नोकरीला जाणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव पहिलं आहे, कॉलेजची शान आहे ती. जानेवारीत जाशील. आता कशाला मध्ये पडतेस?”

तीन वर्षं त्या यादीसाठी घालवली आहेत. विचार करते म्हणाले.

मंगळवार, २२ जुलै

सही केली नाही. त्याच कागदाच्या मागे लिहून दिलं —

चांगुणाला परीक्षेला बसू द्यावं. वॉर्डात पेशंटच्या भाषेत बोलण्याची परवानगी द्यावी. हे होणार नसेल, तर लंडनच्या यादीतून माझं नाव काढावं. शुक्रवार, २५ जुलैपर्यंत लेखी उत्तर मिळावं.