सुरखीचा हौद

स्कारबरो

प्रिय कॉस्मस,

नात शॅरनने मला रोमला नेलं. सेंट पीटरच्या थडग्यापाशी तुझ्यासाठी प्रार्थना केली, पण तुझी खरी आठवण आली ती दुसऱ्या दिवशी, ओस्तियाच्या पडक्या गावात. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीचा पाण्याचा हौद आहे. मी जुना गवंडी, हात आपोआप भिंतीवर गेला. गिलाव्यात चुना आणि विटांचा लाल चुरा, आपली सुरखीच, आणि अजून कुठे तडा नाही.

"ग्रँडपा, इट्स जस्ट अ वॉल," शॅरन म्हणाली.

"बाळा, ही भिंत मला रागावतेय."

आपल्या वसईच्या वाडीतला हौद सुरखीने बांधूया, असं तू विनवत होतास. मी सिमेंटचा हट्ट धरला. हौद गळला, तेव्हा अख्ख्या गावासमोर तुझ्या हाताला दोष दिला. तू थापी खाली ठेवलीस आणि बावीस वर्षं माझ्याशी बोलला नाहीस.

चूक माझीच होती. पण हे पत्र पोस्टात टाकणार नाही. दोष चारचौघांत दिला, तर माफी पाकिटात घालून कशी पाठवू? वसईला यायचं तिकीट काढलंय. नाताळच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात सगळ्यांदेखत सांगेन, की चूक माझी होती, आता सुरखीचा हौद कॉस्मस बांधेल, माल मी कालवीन.

तुझा थोरला भाऊ,
इनास