बाबांच्या गोल्फला पडदा हवा

छावणी, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, दुपार

आत्याबाई,

तुला जय भीम आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगळा जय भीम. वैजापुरात कांद्याचा वास अजून घरभर असतो का, आणि डॉक्टरचं न ऐकणं तू चालू ठेवलंयस का, ते कळव. इकडं आम्ही मजेत आहोत. म्हणजे आई माझ्याशी बोलत नाय आणि शेजारच्या द्वारकाबाई आमच्याशी लई बोलतायत. (फोन का नाय केला म्हणशील. फोनवर तू माझं अर्धं ऐकतेस आणि उरलेल्या वेळात मला ऐकवतेस.)

तर झालं असं. बाबांनी इथल्या गोल्फच्या मैदानावर बत्तीस वर्षं गवत कापलं, पाणी दिलं, साहेब लोकांचे हरवलेले बॉल शोधले, हे तुला माहीतच आहे. (तू छावणीत राहायचीस तेव्हा डबा घेऊन तारेच्या कुंपणाशी यायचीस आणि मोठ्यानं विचारायचीस, "एवढ्या लांब फेकायचा अन् मग आपणच आणाया जायचं, घरी कुणी नाय का ह्यांना?" बाबा अजून सांगतात आणि हसतात.) आता एक म्हातारे कर्नल कायमचे डेहराडूनला गेले आणि जाताना घरात गोल्फ खेळायचं आपलं मशीन बाबांना देऊन गेले. प्रोजेक्टर समोर मैदान दाखवतो, आपण खऱ्या काठीनं खरा बॉल त्या मैदानात हाणायचा, आणि बॉल खरंच गेला असता तर कुठं पडला असता ते एक डबी सांगते. (माझी कादंबरी अशीच आहे. पात्रं नाय, गोष्ट नाय, मग लिहितेस काय, असं विचारलं होतंस ना? हेच, खरंच घडलं असतं तर काय झालं असतं ते.) फक्त समोर बॉल झेलणारा पडदा लागतो, आणि साहेबांचा पडदा उंदरांनी खाल्लेला. काठी फिरवायला पुरेल एवढं उंच छत फक्त गच्चीवरच्या माझ्या लिहायच्या खोलीला. दिली मी खोली. बत्तीस वर्षांत बाबांनी एकदाही बॉल मारला नाय गं. मी चार दिवस जिन्यात बसून लिहीन.

पण पडदा निवडणं म्हणजे नवरा निवडण्यापेक्षा अवघड. (म्हणून लगेच नवं स्थळ पाठवू नकोस, मागच्याला मी अजून उत्तर दिलेलं नाय.) आधी पांढरी चादर लावली. चित्र इतकं झकास की आई म्हणाली, जरा इथंच बसू. पहिला बॉल चादरीतून, खिडकीतून, थेट द्वारकाबाईंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांत. "रिटायर झाल्यावर गोळीबार लावला व्हय?" एवढं विचारून त्यांनी बॉल जप्त केला. मग ताडपत्री आणली. ती मी चारी बाजूंनी अशी ताणून बांधली की ढोलकीसारखी वाजली असती. बॉल गेला त्याच्या दुप्पट वेगानं परत आला आणि ट्यूबलाइट फोडून आईच्या चहात बसला. (अबोला तेव्हापासूनचा.) मग कुठं मी इंटरनेटवर वाचलं की पडदा ताणायचा नसतो. जरा सैल सोडायचा, मागं जागा ठेवायची. त्यानं बॉल पोटात घ्यायचा आणि मुकाट पायाशी ठेवायचा. असा स्वभाव आपल्या अख्ख्या खानदानात कुणाचा नाय, कापडात कुठून आणू?

शेवटी एका कंपनीकडून खास पडद्याच्या कापडाचे तीन तुकडे मागवले, पातळ, जाड आणि तीन पदरी. कंपनीचा माणूस फोनवर सांगतोय की अंकल, बाउन्स बघा, आवाज बघा. बाबा प्रत्येक तुकडा प्रोजेक्टरपुढं धरून फक्त गवत बघतायत. "पिवळं पडलंय. पाणी कोण देतं? अन् हे गवत कोणतं हाय?" तो म्हणाला, "अंकल, पॉलिएस्टर." बाबांनी फोन ठेवला. तरी तीन पदरीवर गवत त्यातल्या त्यात हिरवं दिसलं म्हणून तो मोठा मागवून टांगला. पण आपली खोली केवढी! मागची भिंत लगेच, बॉल भिंतीवर आपटून उसळायचाच. मग मी पडद्याच्या मागं तू शिवलेली गोधडी टांगली. बॉल आला, धप झालं आणि माझ्या पायाशी येऊन निजला. कंपनीचे पदर तीन, तुझे आठ.

काम फत्ते, असं मला वाटलं. तेवढ्यात बाबा वर आले, पडद्यामागं डोकावले आणि काठी कोपऱ्यात ठेवून खाली गेले. "आक्कानं शिवलेल्यावर मी बॉल हाणू?" एवढंच बोलले. दुसरं काही टांगलं तर बॉल उसळतो, गोधडी टांगली तर बाबा वर येत नायत. येत्या रविवारी मशीन कर्नलसाहेबांच्या पुतण्याला देऊन टाकतो म्हणतायत.

बाकी लिहिण्यासारखं काही नाय. तिकडच्या लहानांचे गालगुच्चे घे, मोठ्यांना जय भीम सांग.

तुझी भाची,
विशाखा

ता. क. गोधडीची काळजी करू नकोस, जशीच्या तशी आहे.

ता. क. २. पडद्याच्या कडेनं घुसलेल्या एका बॉलचं लिंबाएवढं भोक सोडून. निळ्या तुकड्यापाशी. बाबांना दाखवलेलं नाय.

ता. क. ३. वर लिहिलेले सगळे बॉल मी मारलेत. पापडांतलासुद्धा. बाबांनी अजून एकही नाय. आधी म्हणायचे पडदा बरोबर नाय, आता गोधडीचं नाव सांगतात. मला वाटतं, त्यांचा हातच उठत नाय.

ता. क. ४. म्हणून तू शनिवारी ये. गोधडी रफू करायला आले म्हण, मी बोलावलं म्हणू नकोस. पडद्याशेजारी उभी राहा आणि कुंपणाशी विचारायचीस ते मोठ्यानं विचार. तुला करून दाखवल्याशिवाय ते राहायचे नायत. शनिवारी पापड घालू नका, असं द्वारकाबाईंना मी आजच सांगून ठेवलंय.