आईच्या चेहऱ्याची वाटणी

मी, बन्सीलाल धुडकू बाविस्कर, वय ५६, धंदा साड्यांची नक्षी काढणे, राहणार गोडादरा, सुरत, कोणाच्या धाकाने वा आग्रहाने नव्हे, तर गेल्या वर्षी हृदयात बसवलेल्या स्टेंटच्या सूचनेवरून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. त्यात चित्र मात्र एकही नाही. डोळे मिटले की मला नुसता काळोख. मोर नाही, कैरी नाही, बायकोही नाही. वकिलांच्या मते याने मृत्युपत्रास बाधा येत नाही.

१. गोडादऱ्याचे घर व बँकेतील ठेव पत्नी रंजना हिला. माझ्या भाच्यांना तिने तेथे "चार दिवस" राहू देऊ नये. त्यांचे चार दिवस मागच्या वेळी होळीपासून पोळ्यापर्यंत चालले होते.

२. खाली बल्ब असलेले काचेचे टेबल, ब्रश व ट्रेसिंगचे कागद मुलगी सुषमा हिला. ती म्हणते, "पप्पा, मी आता सगळं कॉम्प्युटरवरच करते." करावे. टेबल विकू नये एवढेच.

३. माझे सर्व खोडरबर साडीचे व्यापारी भूपेंद्रभाई यांस. "बन्सीभाई को डिझाइन सपने में आती है" हे बाजारात त्यांनीच पसरवले आणि मी ते खोडले नाही, कारण त्यानंतर लोक मला चहा कपातून देऊ लागले. खरे असे की हात आधी रेघ ओढतो, मग ती पाहून मला कळते की चुकली. चुका खोडून जे उरले, ते तीस वर्षे बायका नेसल्या.

४. आता धाकटा भाऊ भगवान, राहणार लिंबायत. मृत्युपत्र लिहायला बसलो ते मुख्यतः याच्यासाठी. तो बारा वर्षे माझ्याशी बोलत नव्हता, आणि तो तसाच राहिला असता तर मला सुखाने मरता आले नसते.

आई, प्रमिलाबाई, गेली तेव्हा तिचा एकच फोटो निघाला, मतदार ओळखपत्रावरचा. त्यात ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. दशक्रियेला सगळे म्हणाले, घरात चित्रकार आहे, काढू दे. मी सकाळपासून कागदापुढे बसलो. आईचा आवाज आठवत होता, हाताला येणारा लसणीचा वास आठवत होता, तिने मारलेल्या चापट्या क्रमाने आठवत होत्या. चेहरा येईना. भगवान सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाला, "शेठले हजार मोर काढी देस, अन् मायनं तोंड बी याद नही का तुले?" मलाही तेच वाटले, की आपण दगड आहोत.

स्टेंटच्या वेळी दवाखान्यात रंजना म्हणाली, "डोळे मिटा आणि आपलं लग्न आठवा, बरं वाटेल."

मी म्हणालो, "आठवतंय. दिसत काही नाही."

"म्हणजे? मला तर मांडवाची झालरसुद्धा दिसते. तुमच्या मामांचा फाटका सदराही."

मी तिला खोटारडी म्हणालो. मग डॉक्टरांना विचारले, नर्सला विचारले, शेजारच्या खाटेवरच्या हर्नियाला विचारले. सगळ्यांना दिसते. माझ्यासारख्या काहींना दिसत नाही, असे डॉक्टर म्हणाले, आणि तो आजार नाही. छपन्नाव्या वर्षी कळले की मी दगड नाही. असा हलका मी स्टेंटनेही झालो नव्हतो.

घरी येताच भगवानला बोलावले आणि डॉक्टरांचे सगळे सांगितले. तो दाराशीच उभा राहून ऐकत होता. "मंग डॉक्टरले का नही दखाडं इतला वरीस?" एवढेच म्हणाला. मी म्हणालो, "तुला आई दिसते ना? मग बस. मी काढतो, तू फक्त नाही म्हण."

खुर्चीवर पाय घेऊन तो बसला आणि चार रविवार नाही म्हणत राहिला. "हाई माय नही. हाई तर लिंबायतनी मावशी शे." नाकाला सर्वांत जास्त वेळ लागला. पाचव्या रविवारी म्हणाला, "पदर जरासा पुढे ले." घेतला. मग त्याने खुर्चीवरचे पाय खाली घेतले.

५. सदर चित्र या मिळकतीत धरू नये. ते माझ्या पश्चात भगवानला द्यावे असे मी लिहायला घेतले होते, तो म्हणाला, "तुना मरानी वाट कोण दखी?" आणि माझ्या जुन्या धोतरात गुंडाळून ते रिक्षाने घेऊन गेला.

६. वडिलांची लिंबायतची खोली, जी माझ्या नावावर आहे, भगवानला देणार होतो. परंतु त्याला साक्षीदारच व्हायचे होते, आणि ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये असा वकिलांचा सल्ला मिळाला. भगवान म्हणाला, "मंग खोली काट. माले मिळी गयं." सबब खोलीही रंजनाला.

वरील मजकूर मी वाचला, कबूल केला व दोघांसमक्ष सही केली.

(सही) बन्सीलाल धुडकू बाविस्कर

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना डोळ्यांनी पाहिले:
१. (सही) भगवान धुडकू बाविस्कर, लिंबायत
२. (सही) सुधाकर रानडे, निवृत्त बँक कर्मचारी, शेजारी

ठिकाण : सुरत
दिनांक : ९ डिसेंबर २०२४