सात नंबरचा नट

आई, गेल्या आठवड्यात तुझ्या आधार कार्डाची झेरॉक्स काढायला अंबरनाथ पूर्वेला गेलो होतो आणि तिथे मी एक खोटं बोललो. आपली कॅम्प चारमधली खोली माझ्या नावावर करायची आहे. त्यासाठी तू होतीस आणि आता नाहीस, अशा दोन्ही गोष्टींचे कागद लागतात. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. मधल्या काळात तुला लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण लिहायला बसलो की एकच गोष्ट पुढे यायची आणि तिथे पेन अडायचं. आज तीच आधी लिहून टाकतो. सात नंबरच्या गाडीचा नट मी पान्याने कसला नव्हता. झेरॉक्सच्या दुकानातलं खोटं शेवटी सांगेन, कारण त्याआधी त्या सकाळचं सगळं सांगायला हवं. तुला ते कळलं होतं हे मला माहीत आहे. पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस.

बाबांचा उजवा हात लुळा पडला तेव्हापासून तू त्यांच्या जनरेटर दुरुस्तीच्या टपरीत बसायला लागलीस. ते स्टुलावर बसून सांगायचे आणि तू करायचीस, आणि वर्षा-दोन वर्षांत ते सांगायच्या आत तुझं करून झालेलं असायचं. ते गेल्यावर टपरी तुझीच झाली. व्यापारी आधी तुला पाना धरलेलं बघून बिचकायचे, मग लाइट गेली की "भाभी को बुलाओ" म्हणायला लागले. वांगणीच्या अलीकडे, तुझ्या माहेरच्या वाटेवर, एका सेठने माळावर डांबर टाकून कार्ट रेसिंगचा ट्रॅक काढला आणि त्याला मेकॅनिक मिळेना. त्या बुटक्या गाड्यांच्या मागे जनरेटरचंच इंजिन असतं असं त्याला कुणीतरी सांगितलं, म्हणून तो टपरीवर आला. तू ट्रॅकवर जाऊन, पदर खोचून एका गाडीभोवती फेरी मारलीस आणि म्हणालीस, "हा आपला जनरेटरच हाय. फकस्त पलतोय." सेठ हसला आणि तुला ठेवून घेतलं. पाठोपाठ मलाही घेतलं, झेंडे दाखवायला आणि तुझ्या हाताखाली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि त्याआधी कुठल्याच नोकरीत सहा महिने टिकलो नव्हतो.

तुझी ती नेलपॉलिशची लाल बाटली. तू जन्मात कधी नखं रंगवली नाहीस, पण कॅम्पातल्या बांगडीवाल्याकडून दर महिन्याला एक बाटली आणायचीस. तो एकदा म्हणाला, "भाभी, घर में शादी है क्या?" तू म्हणालीस, "है ना, नौ दुल्हन है." नऊ गाड्या होत्या. इंजिनाच्या धडधडीने नट सैल होतात, म्हणून प्रत्येक नट पान्याने कसून झाला की त्याच्यावरून खालच्या लोखंडावर तू एक रेघ ओढायचीस. रेघ अखंड असेल तर नट जागेवर, तुटली असेल तर फिरला. बाटलीच्या तोंडावर कुंचला पुसून तू इतकी बारीक रेघ ओढायचीस की केस पडलाय असं वाटावं. माझी रेघ जाड यायची, ओघळायची. एकदा मी वेळ वाचवायला ओळीने आधी सगळ्या नटांना लाल लावून घेतलं आणि मग पाना उचलला, तेव्हा तू माझं मनगट धरलंस. पेट्रोलच्या फडक्याने एकेक रेघ पुसून काढलीस. "आधी कसायचा, मंग लावायचा," म्हणालीस. "लाल दिसला का डोला फुडं जातो. माझा पन जातो." तू मला रागावून बोललीस असे प्रसंग मोजकेच, त्यातला हा एक. शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही.

आता वेगाचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय बाकीचं तुला कळणार नाही. तू नऊच्या नऊ गाड्या रोज सुरू करायचीस, कान देऊन ऐकायचीस, बंद करायचीस, पण बसली एकीतही नाहीस. मी आग्रह केला तर म्हणायचीस, "मना कुटं जायचाय?" आई, त्या गाडीत कुठे जायचंच नसतं. बूड जमिनीपासून दोन बोटं वर. इंजिन कोपराला लागून कडाडत असतं. बसमधून आपण त्याच वेगाने झोपून जातो, पण इथे डांबरातली खडी न् खडी अंगावर येते. वळणाला शरीर एकीकडे आणि गाडी दुसरीकडे निघते, बरगड्या सीटच्या पत्र्यावर दाबल्या जातात, आणि त्या क्षणी डोक्यात काही म्हणजे काही नसतं. मला नोकरी टिकत नाही, लग्नाला मुलगी मिळत नाही, मी बाबांसारखा कारागीर नाही, हे सगळं पहिल्या वळणालाच मागे पडायचं. माझ्या बरगड्या काळ्यानिळ्या झालेल्या तू बघितल्यास आणि काही न बोलता जुन्या लुगड्यात फोम घालून एक जाड पट्टा शिवून दिलास. रेसिंगवाले हजारो रुपयांचा घेतात तसाच. बाकीची पोरं हसली, पण मी तो रोज बांधायचो.

थंडीतला रविवार आहे. ट्रॅक दहाला उघडतो, सेठ साडेनऊला येतो, आणि त्याच्या आधीचा अर्धा तास काय तो माझा. कॅन्टीनच्या फळ्यावर सगळ्यात वेगवान लॅप लिहिलेला असायचा. मुंबईचा एक जण स्वतःचं हेल्मेट घेऊन यायचा, त्याचे एक्केचाळीस पूर्णांक तीन सेकंद वर होते आणि माझे एक्केचाळीस पूर्णांक सहा खाली. तू रिक्षात कॅन घालून बदलापूरच्या पंपावर पेट्रोल आणायला निघालीस. जाताना म्हणालीस, "सगल्यांचा स्टेरिंग बघून ठेव." मी बघितलं. आठ गाड्या नीट कसल्या, खरंच कसल्या. कोपऱ्यातली सात नंबर शेवटी राहिली. तिच्या स्टिअरिंगचा चाकाजवळचा नट जुना झाला होता, तो काढून मी दुसरा बसवला, बोटांनी फिरवला, आणि बघतो तर पाना चार नंबरपाशी राहिलेला. हातात बाटली उघडी होती. म्हटलं लावून टाकू, पाना आणून लगेच कसू. लाल लावलं आणि पाना आणायला गेलो. चार नंबर सगळ्यात पळणारी गाडी. समोर चंदेरीच्या डोंगराच्या सुळक्यावर ऊन आलं होतं, गार हवेत इंजिन जोरात ओढतं हे तूच मला शिकवलं होतंस, आणि ट्रॅक रिकामा होता. मी पाना उचललाच नाही, चार नंबरमध्ये बसलो.

तिसरा लॅप लागला. बांधाजवळच्या वळणाला सगळे ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतात, मी नाही उचलला. मागची चाकं सरकली आणि मीही त्यांच्याबरोबर सरकलो, आणि बाहेर पडताना गाडी जणू माझ्याच अंगाची होती. ऑफिसातल्या यंत्रावर आकडे होते चाळीस पूर्णांक आठ. मी पळत जाऊन खडूने फळ्यावर लिहिले. तू कॅन घेऊन आलीस तेव्हा मी तुला हाताला धरून फळ्यापाशी नेलं. तू वाचलंस आणि विचारलंस, "चालीस म्हंजे बरा का वाईट?" मी म्हटलं, पहिला नंबर. तुझा चेहरा केवढा फुलला होता. मग तू गाड्यांवरून एक नजर फिरवलीस. लाल, लाल, लाल. सात नंबरपाशी तुझा डोळा क्षणभर थांबला आणि पुढे गेला.

मी विसरलो होतो, असं मी स्वतःला अठरा वर्षं सांगत आलोय. खरं असं आहे की दुपारी एकदा मला आठवलं. मी झेंडा घेऊन उभा होतो आणि सात नंबर समोरून गेली. तिच्यात अंबरनाथची एकोणीस वर्षांची मुलगी होती, हसत होती, कुंपणापाशी तिचा भाऊ टाळ्या वाजवत होता. गाडी थांबवायची तर लाल झेंडा दाखवून सगळ्यांना थांबवावं लागलं असतं, आणि सेठने कारण विचारलं असतं. सकाळपासून नट धरून आहे तर अजून दोन लॅप धरेल, असं मी मनात म्हटलं. बांधाजवळच्या वळणाला तिने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळ गेली. टायरांच्या दोन चळतींमधून लोखंडी खांबावर. तिच्या डाव्या पायाचं काय झालं ते तू बघितलंस, मी मान वळवली.

तिला दवाखान्यात नेल्यावर तू गवतात वाकून शोधत होतीस. नट सापडला. तू तो तळहातावर घेऊन त्याच्यावरच्या लाल रंगावरून अंगठा फिरवलास. जाड, ओघळलेला रंग. मी चार पावलांवर होतो. सेठ आला आणि म्हणाला, "भाभी, चेक किसने किया था?" तू मूठ मिटलीस. "मैंने," म्हणालीस, "सब मैंने कसा." त्याने दवाखान्याचं बघितलं आणि तुला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. घरी येऊन तू भात टाकलास आणि माझ्याकडे न बघता एकच विचारलंस, "गाडीवर कदी बसलास?" मी म्हटलं, सगळं कसून झाल्यावर. तू म्हणालीस, "बरं." आणि मला वाढलंस. मी जेवलो, आई. पोटभर जेवलो.

कॅम्पात बातमी पोचायला दोन दिवस लागले. बाईमाणसाच्या हातात पाना दिला की असंच होणार, हे मी बाबांच्याच टपरीपुढे उभं राहून ऐकलं. जनरेटर यायचे बंद झाले. मग तू घरी जीन्सच्या पँटींचे गठ्ठे आणून धागे कापायला बसलीस आणि शेवटपर्यंत तेच केलंस. तुझी बोटं निळी पडायची, नखांत तो रंग कायमचा बसला होता. ज्या हाताने नुसतं इंजिनाला हात लावून कुठे बिघडलंय ते ओळखलं, तो हात सात वर्षं धागे कापत होता, आणि मी पलीकडे बसून बघत होतो. एक वाक्य बोलायचं होतं. रोज वाटायचं, उद्या बोलू. सोमवारी तेवढी तू काम ठेवून अंबरनाथच्या देवळात जायचीस. तू कधी बेलाचं पान आणलं नाहीस, अंगारा आणला नाहीस, पदराला तिळाच्या तेलाचा वास यायचा. मी विचारलं नाही.

त्या झेरॉक्सच्या दुकानातली बाई काउंटरवरून उठली आणि मशीनकडे लंगडत गेली. लंगडणारी बाई दिसली की मी मनात वय मोजतो, ही सवय जुनी आहे. सदतीस-अडतीस असेल असं वाटेपर्यंत ती कार्डाकडे बघत थबकली होती. "या तर आमच्या मावशी," म्हणाली. "गेल्या का त्या? म्हणूनच यायच्या बंद झाल्या." मग ती मशीनला टेकून बोलत राहिली. "माझा ॲक्सिडेंट झालेला ना, कार्टवर, ती गाडी यांनी चेक केलेली. आधी मम्मी हाकलून द्यायची यांना. तरी दर मंडे यायच्या, दाराबाहेर बसून राहायच्या. मग मम्मीच बोलली, येऊ दे आत. पायाला तेल लावून द्यायच्या, तासभर. डॉक्टर बोललेला चालणार नाही, यांनी चालवलं मला." जरा थांबून म्हणाली, "मी एकदा बोलले, मावशी, मी माफ केलं तुम्हाला, आता नका येत जाऊ. खूप रडल्या. पुढच्या मंडेला परत हजर."

मी काउंटर धरून उभा होतो. तिने माफ केलं होतं, पुरतं, मनापासून, आणि ते सगळं तुला देऊन झालं होतं. माझ्यासाठी त्यातलं काहीच शिल्लक नव्हतं, आणि आता पुन्हा मागायचं तर आधी तिची मावशी तिच्यापासून काढून घ्यावी लागणार होती. निदान एवढं तरी सांगायला हवं होतं की त्यांचा हात कधी चुकला नाही. तिने कागद पुढे केले आणि विचारलं, "तुमच्या कोण लागायच्या?"

मी म्हणालो, "शेजारी."

ती म्हणाली, "एक कॉपी मी ठेवू का?" आणि तुझा काळपट, धूसर फोटो कापून काउंटरच्या काचेखाली सरकवला. तू आता तिथे आहेस, पासपोर्ट फोटोंच्या दरपत्रकाशेजारी.

अजून एक आहे, तेही लिहितो. तिचं नाव मी त्या दिवशी दुकानाच्या पाटीवर वाचलं, आणि आत्ता लिहिताना मला ते आठवत नाहीये. चाळीस पूर्णांक आठ मात्र आठवतंय. मी त्यानंतर साधी स्कूटरही चालवली नाही, पण डोळे मिटले की ते वळण येतं आणि मी पाय उचलत नाही, आणि आई, अजूनही मला बरं वाटतं.

हे कागद तुला पोचायचे नाहीत हे मला कळतं. ते जिला द्यायला हवेत तिचं दुकान इथून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. आत्ता दुपारचे चार वाजलेत. पाटीवर लिहिलंय, सकाळी नऊ ते रात्री नऊ, रविवारीही उघडं. मी सकाळपासून चपला घालून बसलोय.