राख टाकलेला उतार

स्मोल्यान,
शनिवार, दुपारी बारा

प्रिय स्विलेना,

तुझ्या शोरूममधल्या कालिनाचा परवा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. सोमवारी तू राजीनामा देणार आणि कुठल्याशा फरशांच्या दुकानात कामाला लागणार, हे तिच्याकडून कळलं. विकणाऱ्यानेच गिऱ्हाइकाला बर्फात नेऊन गाडी चालवून दाखवायची, असा तुमच्याकडे या डिसेंबरपासून नियम झालाय आणि तू नाही म्हणालीस. नऊ वर्षं नोव्हेंबर ते मार्च तू स्वतः विकलेल्या गाडीची किल्लीसुद्धा दुसऱ्याच्या हाती देतेस, हेही आत्ताच कळलं. आई म्हणवते आणि एवढं माहीत नाही. कालिनाने तुला विचारलं, फरशाच का? तर तू म्हणालीस, 'त्या जागच्या हलत नाहीत.' ते ऐकल्यापासून माझं कामात लक्ष नाही.

काम मात्र डोंगराएवढं आहे. पहिला बर्फ मंगळवारी पडला आणि बुधवारी सकाळी सातला सगळं गाव टायर बदलायला दारात उभं. दरवर्षीचंच आहे. महिनाभर आधीपासून सांगते, पाटी लावते, पण बर्फ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपल्या लोकांचा हिवाळ्यावर विश्वास बसत नाही. गाडी उचलायच्या दोन लिफ्टपैकी एक बंद आहे. इटलीहून जुन्या गाड्यांचा ट्रेलर आला, त्यातल्या दोन गाड्यांचे हीटर चालत नाहीत, आणि इथे हीटर नसलेली गाडी फुकट दिली तरी कुणी नेणार नाही. माझे खांदे संध्याकाळपर्यंत माझे राहत नाहीत. त्यात येणारा प्रत्येक जण विचारतो, मालक कुठे आहेत? मी फाटकावर चिकटवलेल्या, बाबा गेल्याची खबर देणाऱ्या कागदाकडे बोट दाखवते. एकाने तो वाचला, टोपी काढली, 'देव त्यांना क्षमा करो' म्हणाला आणि लगेच पुढे, 'आता घरातलं एक तोंड कमी झालं, भाव थोडा उतरवा की, बाई.' तुझे बाबा असते तर पोट धरून हसले असते. मीही हसले, मग आत जाऊन थोडी रडले, मग त्याला भाव उतरवून दिला.

तुला हा धंदा माझ्याहून आणि त्यांच्याहूनही चांगला येत होता. हे मी तुला कधी तोंडावर सांगितलं नाही, कारण आमच्या घरात पोरांचं कौतुक ती झोपल्यावर करायची पद्धत. तू गिऱ्हाइकाला आधी गाडीचे दोष सांगायचीस. इथला दरवाजा पुन्हा रंगवलाय, ही काच बदललीय, थंडीत दुसरा गिअर जरा कुरकुरतो. लोकांना ते इतकं नवं होतं की उलट संशय यायचा, एवढं सांगतेय म्हणजे मोठं काहीतरी दडवत असणार. पण तीच माणसं आठवड्याने परत यायची आणि म्हणायची, त्या पोरीलाच बोलवा. आणि चालवणं! बाबा तुला गोठलेल्या माळावर घेऊन जायचे. ब्रेकखाली कच्चं अंडं ठेवलंय असं समज, म्हणायचे. पहिल्या दिवशी परत आल्यावर म्हणाले, 'वेले, मला चालवता येतं, तिला कळतं.' तू तेव्हा झोपली होतीस, म्हणून तुला हे माहीत नाही.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? त्या जानेवारीतल्या शनिवारबद्दल आपण तिघं कधीच बोललो नाही. तुझी एकटीची पहिली विक्री, ती पांढरी छोटी गाडी, गिऱ्हाईक औषधवाले झाहारी. टायर तू स्वतः निवडलेस, ढिगातले चार, तिसऱ्या हिवाळ्याचे. प्रत्येकाच्या खाचेत नाणं घालून पाहिलंस आणि म्हणालीस, अजून एक हिवाळा आरामात काढतील. पहाटे उठून फाटकापर्यंतच्या उतारावर वाळू टाकलीस. झाहारी नऊला यायचे ते अकराला आले. तू गाडी खाली आणत होतीस, बाबा फाटक उघडत होते. तू ब्रेक लावलास आणि गाडीने ऐकलं नाही. त्यांचा गुडघा बंपर आणि खांबाच्या मधे सापडला. खाली पडल्या पडल्याही ते तुला शिकवतच होते, 'ब्रेक सोड, स्विले, सोड.' तू मात्र स्टिअरिंग धरून बसून राहिलीस, तुझी बोटं आम्हाला एकेक करून सोडवावी लागली.

मग गावाने निकाल दिला. पोरीने गुळगुळीत टायरांवर गाडी दिली, असं झाहारी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला डोकेदुखीच्या गोळीबरोबर सांगत राहिले. तूही तेच मानलंस. बाबा काठी घेऊन चालायला लागले त्या आठवड्यात तू सोफियाची बस धरलीस. त्यानंतर उन्हाळ्यात यायचीस, तेही बसने. सप्टेंबरात बाबांना पोहोचवायला आलीस तेव्हा ऊन चांगलं कडक होतं, तरी तू फाटकाचा उतार टाळून मागच्या वाड्यातून, कोंबड्यांच्या जाळीजवळून आत आलीस. मी ते पाहिलं आणि अंत्यविधीला वाटायच्या उकडलेल्या गव्हाचं भांडं उगीच या हातातून त्या हातात घेत राहिले.

बाबा जायच्या चार दिवस आधीची गोष्ट. दवाखान्यात मी त्यांना सूप भरवत होते. त्यांनी चमचा बाजूला केला आणि म्हणाले, 'वेले, राखेचं तिला तू सांग. मी सांगितलं तर ती चहाडी होईल.' ते म्हणाले, 'माझा तळहात त्या बर्फावर होता ना. तीन दिवस आभाळ कोरडं होतं. पाणी कुठून आलं हे मला पडलो तेव्हाच कळलं.' मी चिडले. मला राग यायचा काय अधिकार, तरी चिडले. मग नऊ वर्षं तुम्ही का गप्प बसलात? तर म्हणाले, 'तू सांगशील म्हणून वाट पाहत होतो. आज सांगशील, उद्या सांगशील.' आम्ही दोघं एकमेकांचा मान राखत बसलो, स्विलेना, आणि त्यात पोर घालवली.

हे सांगायला मी दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा हवामानावर बोलून ठेवून दिला, म्हणून लिहिते आहे. तीनच्या बसचा ड्रायव्हर स्पास हे पाकीट उद्या तुझ्या हातात देईल, म्हणजे सोमवारच्या आत. त्या सकाळी पाणी मी ओतलं. तुझी पहिली विक्री होती, शुभ म्हणून वाटेवर पाणी टाकतात तसं, गाडी पाण्यासारखी सरळ जावी म्हणून. शहाणी माणसं हिवाळ्यात चार थेंब शिंपडतात. मी माझ्या आजीचं तांब्याचं भांडं काठोकाठ भरलं आणि अख्खं उतारावर रिकामं केलं, तू टाकलेल्या वाळूवरून, कारण तू माझी होतीस आणि चार थेंब मला कमी वाटले. हे गाडी निघताना करायचं असतं. झाहारी नऊला येणार म्हणून मी साडेआठलाच उरकलं आणि चीज भरलेली बानित्सा आणायला बेकरीत गेले. ते दोन तास उशिरा आले, तोवर त्या पाण्याची गोठून काच झाली होती. तू वरून येताना ती दिसणं शक्य नव्हतं. मी परतले तेव्हा बाबा खाली पडले होते. मी पाहिलं, मला समजलं आणि मी स्टोव्हची राख आणून टाकली. उचलणाऱ्यांचे पाय घसरू नयेत म्हणून, असं ओरडले. ते खरंही होतं. पण पोलीस येईपर्यंत सगळं करडं झालं होतं आणि मला हायसं वाटलं, हेही खरंच. आधी म्हटलं, ते बरे झाले की सांगू. मग तू गेलीस. मग सांगायचं शिळं होत गेलं, आणि शिळं झालेलं तोंडात घालवत नाही. तुझे ते चार टायर बाबांनी गोठ्यात ताडपत्रीखाली ठेवले होते. काल काढून मोजले. खाच साडेसहा मिलिमीटर आहे, चारहींची, आणि हिवाळ्याला चार असली तरी पुरते. आज सकाळी औषधाच्या दुकानात जाऊन मी हे सगळं झाहारींना सांगितलं, चार गिऱ्हाइकं ऐकत होती त्यांच्यासमोर. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, 'नऊ वर्षं मी तुमच्या पोरीला नावं ठेवत होतो आणि तुम्ही माझ्याकडून खोकल्याचं औषध नेत होतात, बाई.' मी मान खाली घालून घरी आले. तू विचारशील तेव्हाही ती खालीच असेल. सोमवारी तुला जे करायचं ते कर. नोकरी सोडायची तर सोड, माझ्याशी बोलणं सोडलंस तरी मी फाटकापर्यंतही मागे येणार नाही. पण त्या टायरांसाठी सोडू नकोस, पोरी. टायर चांगले होते. तू बरोबर पाहिलं होतंस.

अजून म्हणू दिलंस तर तुझीच,
आई