रविवारी दहा वाजता

शनिवार, ११ एप्रिल
सकाळचे सव्वासात, ओहोटी

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तो पोचला असे समजून, कुशल विचारण्याआधीच एक घोर अन्याय तुझ्यापुढे मांडतो. लहानपणापासून माझ्या सगळ्या तक्रारी तुझ्याकडेच दाखल झाल्या आहेत आणि त्यांपैकी एकीचाही निकाल अद्याप लागलेला नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ही घे.

विषय: माझ्या चौकीचा रंग. गेली एकोणीस वर्षे जिच्यात बसून मी या किनाऱ्यावरच्या समस्त जनतेला भरतीच्या वेळा, होड्यांच्या वेळा आणि सापडलेल्या टोप्यांची वर्णने कर्ण्यावरून ऐकवत आलो, ती चौकी राखाडी होती. राखाडी हा विचारी रंग आहे. यंदा हंगाम उघडण्याआधी किनारा कार्यालयाने ती गुलाबी करून टाकली. तीही साधी गुलाबी नव्हे. लहान मुलांना चमच्याने पाजतात त्या औषधासारखी. परिणामी रोज निदान तीस माणसे खिडकीशी येऊन आइस्क्रीम मागतात. मी मान हलवतो. मग ती म्हणतात, बरं, नुसता कोन तरी द्या. कार्यालयात रीतसर अर्ज दिला. साहेब म्हणाले, पंडित, वसंत ऋतूला शोभणारा रंग आहे. वसंताच्या नावावर काय काय खपवले जाते यावर कोणीतरी एक सटीप ग्रंथ लिहायला हवा. माझ्याकडे टिपा तयार आहेत.

असो. तुझे पत्र बुधवारी मिळाले. मेहुण्यांचा गुडघा पुन्हा कुरकुरतो आहे हे वाचून वाईट वाटले. त्यांना सांग, या वयात गुडघ्याने बोलावे आणि माणसाने ऐकावे. तू विचारले आहेस की महिनाअखेरीस आईला घेऊन आठ दिवस आलीस तर इथे बघण्या-करण्यासारखे काय आहे. हा प्रश्न तू योग्य माणसाला विचारलास. इथल्या आकर्षणांची जाहिरात करणे हाच माझा चरितार्थ.

तर ऐक. सर्वप्रथम कड्यावरची वाट. वर्षातून तीनच आठवडे तिथे पिवळी रानफुले येतात, इतकी की खालून पाहणाऱ्याला कोणी डोंगरावर पिवळे जाजम वाळत घातले आहे असे वाटावे. सध्या ती ऐन भरात आहेत. पण वर जायला लाकडी पायऱ्या आहेत आणि मेहुण्यांचा गुडघा पहिल्या वीस पायऱ्यांतच असहकार पुकारेल. मग ओहोटीला उघडे पडणारे खडक. त्यांच्या खळग्यांत तारामासे अडकलेले असतात आणि शाळेतल्या बाई मुलांच्या रांगा घेऊन ते दाखवायला येतात. पण शेवाळ फार. आईला तिथे नेणे नको. दीपगृह आता आतून बघता येते, दोनशे बारा पायऱ्या. रखवालदार प्रत्येकाला खाली आल्यावर त्या किती होत्या ते विचारतो आणि चुकल्यास पुन्हा पाठवतो, असे म्हणतात.

डॉल्फिन दाखवणारी होडीही आहे. होडीवाला माझा मित्र आणि सत्याशी त्याचे संबंध बरे आहेत, पण जवळचे नाहीत. गेल्या आठवड्यात त्याने तरंगणारे एक टायर इतक्या श्रद्धेने दाखवले की चौघांनी त्याचे फोटो काढले. तुला होडी लागते, त्यामुळे तेही बाद. वाळूची शिल्पे करण्याची स्पर्धा उद्या आहे, म्हणजे तुम्ही येईपर्यंत ती शिल्पे समुद्राने परत घेतलेली असतील.

राहिला बँड. बागेतल्या गोल मंडपात रोज संध्याकाळी साडेपाचला सहा निवृत्त गृहस्थ वाजवतात. त्यांच्यातला तुतारीवाला आधी पोस्टात होता आणि अजूनही प्रत्येक सूर शिक्का मारल्यासारखा काढतो. पण वाजवतात मनापासून. समोर बाकं आहेत, सपाट रस्ता आहे, वारा बेताचा असतो, मागे लाटांचा आवाज. आईला हे सगळे फार आवडेल. तिला डोळ्यांची गरज पडणार नाही असे या गावात एवढे एकच ठिकाण आहे, आणि तिथे तिला न आणण्यासाठी माझ्याजवळ सबब नाही.

इथवर वाचून तुला कळलेच असेल. ज्याला मनापासून बोलवायचे असते तो माणूस पाहुण्यांच्या आधी पायऱ्या मोजत बसत नाही.

पत्र मध्ये थांबवावे लागले. तुझी भावजय चहा घेऊन आली होती. सध्या ती कार्यालयाच्या आरामखुर्च्यांची कापडे शिवते आहे. एकशे चाळीस खुर्च्या. घरभर निळे-पांढरे पट्टे पसरलेत आणि मला माझी विजार ओळखू येईनाशी झाली आहे. तिने विचारले, ताईंना लिहिलंत का? मी मान डोलावली. ती म्हणाली, बँडपर्यंत लिहिलं असेल. मग पुन्हा मशीनवर जाऊन बसली. तू फोन करतेस तेव्हा ती तुला ‘ते ड्यूटीवर आहेत’ म्हणते, त्याबद्दल तिच्यावर रागावू नकोस. मी तिला गळ घातली होती. तिला खोटे बोलता येत नाही हे तुलाही माहीत आहे. रात्री जेवणाच्या वेळी समुद्राला कोणत्या घोषणा ऐकवायच्या असतात, हे तू विचारले नाहीस हा तुझा मोठेपणा.

ताई, माझा आवाज गेला आहे.

सात आठवडे झाले. आधी नुसता बसला, मग घोगरा झाला, आता जे निघते ते तेल न घातलेल्या बिजागरीसारखे निघते. हवा बदलली, धूळ आहे, रंगाचा वास आहे, अशी कारणे मी एकेक करून वापरली. आणि चौकीत बसून काम केले ते मागच्या वर्षीच्या माझ्याच आवाजावर. तुझ्या लेकीच्या लग्नाला मी चार दिवस आलो होतो ना, तेव्हा कार्यालयाने माझ्या घोषणा यंत्रात भरून ठेवल्या होत्या. त्याच मी लावत राहिलो; रोज बदलणाऱ्या भरतीच्या वेळा तेवढ्या फळ्यावर लिहिल्या. कोणाला शंका आली नाही. उलट साहेब म्हणाले, पंडित, यंदा आवाज अगदी खुलला आहे.

फक्त एक घोटाळा झाला. मागच्या वर्षीच्या मी, यंदाच्या लोकांना, दीपगृहामागच्या बागेत पुष्पप्रदर्शनाला अगत्याने बोलावले. ती बाग यंदा नळ टाकायला खणली आहे. साठएक माणसे टोप्या घालून एका खड्ड्याभोवती उभी राहिली. माळीबुवा तिथे होते. एवढी मंडळी आपल्यासाठी आली हे बघून त्यांनी नळांविषयी पाऊण तास माहिती दिली. अभिप्रायाच्या वहीत दोघांनी ‘माहितीपूर्ण’ असे लिहिले आहे.

याच्यावर मी हसलो होतो. पण परवा, गुरुवारी, एक आजी खिडकीशी आल्या. तुझ्यामाझ्या आईएवढ्या नव्हेत, पण सत्तरी केव्हाच ओलांडलेली. अनवाणी. मला वाटले आइस्क्रीम. त्या म्हणाल्या की त्यांचे दोन मुलगे, सुना आणि एक जावई हरवले आहेत, तेव्हा तसे जाहीर करावे. त्या स्वतः हरवल्या आहेत हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. आता हे काही यंत्रात भरलेले नव्हते. मी बटण दाबले, तोंड उघडले, आणि कर्ण्यातून जे बाहेर पडले त्याने कठड्यावरचे पक्षी उडाले. दुसऱ्यांदा तेवढेही निघाले नाही.

आजींनी माझ्याकडे पाहिले, दार उघडून आत आल्या, माझ्या पुढ्यातला माइक ओढून घेतला आणि अख्ख्या किनाऱ्याला उद्देशून बोलल्या. मी शब्दशः देतो, कारण एकोणीस वर्षांत इतकी उत्तम घोषणा माझ्याकडून झालेली नाही.

“अरे, मी इथं गुलाबी डब्यात बसलेय. माझ्या चपला थोरल्याच्या पिशवीत आहेत. आधी चपला आणा, मग काय रडायचं ते रडा.”

किनारा खो खो हसला. मंडळी यायला दहा मिनिटे लागली. तेवढ्यात आजींनी मला विचारले की घसा कधीपासून असा आहे. मी पाटीवर लिहिले: सर्दी. पाटी त्यांनी हात लांब करून वाचली आणि किती दिवसांची, म्हणाल्या. मी सात बोटे दाखवली. दिवस? मी मान हलवली. आठवडे? मी मान डोलावली.

“सात आठवडे सर्दी नसते हो,” त्या म्हणाल्या. “आमच्या ह्यांनीही सर्दीच म्हणून काढले होते सहा महिने. तुम्ही उद्या जा. आत्ता माझ्यासमोर कबूल करा.”

चपला आल्या, सुना आल्या, थोरला रडायलाही लागला, पण मी पाटीवर ‘उद्या जातो’ असे लिहून खाली सही करेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

म्हणून काल गेलो. तुझी भावजय बरोबर होती. घशाच्या डॉक्टरीणबाई तुझ्या लेकीच्या वयाच्या. नाकातून एक दिव्याची नळी घालून त्यांनी मला माझा घसा पडद्यावर दाखवला. ताई, ज्याच्या जिवावर मी आजवर मिरवलो, ज्याच्या शुद्ध उच्चारांसाठी गुरुजींनी माझे कान लांब केले, तो हा एवढासा ओला, गुलाबी ऐवज. डाव्या बाजूला मसुराच्या दाण्याएवढी गाठ आहे. त्या म्हणाल्या, आयुष्यभर ओरडणाऱ्यांना साध्या गाठी येतात, तशीच असू शकेल. नसूही शकेल. काढून तपासल्याशिवाय सांगता येत नाही. येत्या गुरुवारी सकाळी आठला काढणार आहेत. नंतर दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. त्यानंतर आवाज येईल, पण पूर्वीचाच येईल असे त्यांनी कबूल केले नाही. मी पाटीवर तीनदा विचारले. तिसऱ्यांदा त्या नुसत्या माझ्या हातावर हात ठेवून बसल्या.

आता आईचे.

तू लिहितेस की मी सहा रविवार फोन केला नाही आणि शेवटी केला तो असा विचित्र. सहा नव्हेत. पहिल्या रविवारी मी नेहमीप्रमाणे दहाला केला होता. तू बाजारात होतीस. आईने विचारले, सर्दी झालीय का रे, आणि आम्ही बोललो. दुसऱ्या रविवारी तिने तीनदा विचारले, कोण बोलतंय. मी म्हणालो, मी. ती म्हणाली, मी कोण? शेवटी तिला पटले की नाही, कोण जाणे. तिसऱ्या रविवारी आवाज आणखी गेला होता. मी दोन वाक्ये बोललो असेन. ती फार नम्रपणे म्हणाली, “अहो, तुम्ही जे कोण असाल ते, जरा फोन ठेवता का? या वेळेला माझ्या मुलाचा फोन येतो.”

मी ठेवला. नंतरचे तीन रविवार मी दहा वाजता फोनसमोर बसलो आणि सव्वादहाला उठलो. ती तिकडे बसली असणार हे माहीत असून.

आणि गेल्या रविवारी मी यंत्र घेऊन बसलो. मला वाटले, तिला तेवढा आवाज तरी ऐकू दे. यंत्र म्हणाले, नमस्कार, आज हवा स्वच्छ आहे, समुद्र शांत आहे. आई म्हणाली, बरं झालं रे बाबा, वेळेवर जेवतोस ना? यंत्र म्हणाले, कृपया खडकांवर जाऊ नये. ती म्हणाली, मी कुठे जातेय आता. इतके रविवार का नाही केलास? यंत्र म्हणाले, पुढची होडी साडेदहाला सुटेल. मग मी ते बंद केले. फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, कामात आहेस, जा. आणि फोन तसाच धरून राहिली. मीही.

तिने नंतर तुला सांगितले ते तू पत्रात लिहिले आहेस: आवाज त्याचाच होता, पण तो माझ्याशी बोलत नव्हता, गर्दीशी बोलत होता. हे वाक्य वाचून मी पत्र घडी करून ठेवले आणि दोन दिवस उघडले नाही.

तिला फसवू पाहणारा मूर्ख मीच. तिला दिसत नाही, एवढेच. ऐकू सगळे येते.

महिनाअखेरची वाट बघू नकोस. बुधवारच्या बसने ये, आणि आईला आण. तिला काय सांगायचे ते तू ठरव. मला सुचत नाही, आणि मी सुचवलेल्या गोष्टींचे काय होते ते तू पाहिलेच आहेस. वरची खोली रिकामी आहे, खुर्च्यांची कापडे बाजूला करून होईल. मी दारात उभा असेन. मी तिचा हात हातात घेईन. माझा हात तिने शेवटचा कधी धरला होता, मला आठवत नाही. गेली सहा वर्षे ती मला आवाजावरूनच ओळखते आहे.

गाठ कशी निघेल याची चिंता करत नाही, असे मी इथे सगळ्यांना पाटीवर लिहून दाखवतो. ते खरे नाही, पण ती भीती मला लपवता येते. दुसऱ्या भीतीचे तसे नाही. ताई, मी समोर उभा असेन आणि आई विचारेल, हे कोण? मला त्याची भीती वाटते.

तुझा धाकटा